जुन्या मॉडेल रणगाड्याचा रंग उतरवताना: रंग जावा, प्लास्टिक राहावं

१/३५ मापाच्या रणगाड्यावर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या रणगाड्याच्या हिशोबात तो साडेतीन मिलिमीटर भरतो. हा हिशोब एकदा डोक्यात बसला, की जुनी मॉडेल्स इतकी बोजड का दिसतात ते लगेच कळतं. खऱ्या गाडीवर एक सेंटिमीटर रुंदीची वेल्डिंगची रेघ असेल, तर मॉडेलवर ती जेमतेम ०.३ मिलिमीटर उरते. खाली प्रायमर, त्यावर ब्रशने दिलेले दोन-तीन हात, वर वार्निश आणि पुढे कधीतरी रंग आवडेना म्हणून मारलेला आणखी एक हात. एवढ्यात वेल्डिंग, रिव्हेट, हॅचच्या कडेची फट, इंजिनावरची जाळी असं सगळं बुजतं. त्यावर कितीही सुरेख नवा रंग दिला तरी बुजलेलं वर येत नाही.

मग रंग उतरवायचा ठरतं आणि पहिला प्रश्न येतो, कोणतं द्रव वापरू? याची उत्तरं माणसागणिक वेगळी मिळतात आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी खरी असतात. कुणाचा रंग अल्कोहोलने अर्ध्या तासात निघालेला असतो, तर कुणाचा आठवडाभर बुडवूनही जागचा हललेला नसतो. कारण अडचण द्रवाची नसतेच. वाळलेला रंग हा रसायनाच्या दृष्टीने प्लास्टिकचाच पातळ पापुद्रा आहे आणि मॉडेलही प्लास्टिकचं आहे. एका प्लास्टिकला सोडवायचं आणि त्याच्या खालच्या दुसऱ्याला धक्काही लागू द्यायचा नाही, असं हे काम आहे. म्हणून वरचं प्लास्टिक कोणतं आणि खालचं कोणतं हे कळल्याशिवाय बाटलीकडे हात नेऊ नये.

आधी ठरवा, उतरवायचाच आहे का?

बऱ्याच वेळा नाही. जुना रंग पातळ असेल, घट्ट बसलेला असेल आणि बारकावे स्पष्ट दिसत असतील, तर साबणाच्या पाण्याने धुवा, अगदी बारीक पॉलिश पेपर ओला करून हलका फिरवा, प्रायमर मारा आणि पुढे चला. खऱ्या रणगाड्यांचंही असंच व्हायचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने मूळ रंग करडा बदलून गडद पिवळा केला, तेव्हा आघाडीवरच्या गाड्यांचा करडा रंग कुणी खरवडत बसलं नाही, त्याच्यावरच पिवळा मारला गेला. हिवाळ्यात दिलेला पांढरा हातही असाच वरून दिलेला असायचा.

रंग उतरवण्याची खरी गरज मोजक्या ठिकाणी पडते. ब्रशचे फराटे उठून दिसतात, रंग ओघळून कडेला साचलाय, थरात धूळ आणि केस अडकलेत, रंग कुठे पापुद्रे सोडतोय किंवा इतक्या वर्षांनीही बोटाला चिकट लागतोय. चिकट लागणाऱ्या रंगावर नवा रंग कधीच देऊ नये, तो तडकतो.

आणखी एक सांगावंसं वाटतं. मॉडेल दुसऱ्या कुणी, बऱ्याच वर्षांपूर्वी, मन लावून रंगवलेलं असेल तर आधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. त्या रंगात त्या माणसाचा हात असतो आणि एकदा उतरवला की तो परत येत नाही. माझ्या मते अशी काही मॉडेल्स नुसती धूळ पुसून तशीच ठेवावीत.

रंग वाळतो तेव्हा काय होतं

रंगात तीन गोष्टी असतात. रंग देणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे बाइंडर, आणि हे मिश्रण पातळ ठेवणारं द्रावक. रंग उतरवताना आपली झुंज फक्त बाइंडरशी असते. तो सुटला की रंगद्रव्य आपोआप निघून येतं. बाइंडर म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्या. या साखळ्या वाळताना नुसत्या एकमेकींत गुंतून पडल्या की त्यांच्यात पक्क्या गाठी बसल्या, यावर पुढचं सगळं ठरतं. गुंतलेले दोरे योग्य द्रव मिळालं की सुटे होतात. गाठी मारलेलं जाळं मात्र फुगतं, मऊ पडतं, पण सुटत नाही, ते तोडावं लागतं.

लॅकर पहिल्या प्रकारात मोडतो. त्यातलं द्रावक उडून जातं आणि साखळ्या जिथल्या तिथे गुंतून बसतात. गाठ एकही नसते. त्यामुळे लॅकर दहा वर्षांनीही त्याच्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. कटकट अशी, की ते थिनर खालचं प्लास्टिकही विरघळवतं.

एनॅमल दुसऱ्या प्रकारातला. जुन्या मॉडेलवर, विशेषतः छोट्या टिनाच्या डब्यातला रंग वापरला असेल, तर बहुतेक एनॅमलच भेटतो. याचा बाइंडर अल्किड नावाचा असतो आणि त्यात तेलाचा अंश असतो. आधी द्रावक उडतं. मग पुढचे कित्येक दिवस, कित्येक आठवडे तो हवेतला ऑक्सिजन घेत राहतो आणि साखळ्यांमध्ये गाठी पडत जातात. म्हणून आज लावलेला एनॅमल टर्पेंटाइनने पुसला जातो, पण जुन्या एनॅमलवर तेच टर्पेंटाइन तासभर घासलं तरी तो दाद देत नाही. जितका जुना, तितका चिवट.

पाण्यातले अॅक्रिलिक रंग आणखी वेगळे. त्यात बाइंडरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी गेलं की कण एकमेकांना भिडतात आणि जुळून त्यांचा सलग पापुद्रा होतो. पुन्हा पाणी टाकलं तरी ते कण काही सुटे होत नाहीत. अल्कोहोल मात्र त्या पापुद्र्यात शिरून त्याला फुगवतं, त्याची पकड जाते आणि तो रबरासारखा सोलून निघतो. व्हॅलेहो कंपनीचे ब्रशने लावायचे रंग या जातीचे.

तामियाच्या छोट्या बाटलीतल्या अॅक्रिलिकवर 'अॅक्रिलिक' लिहिलेलं असलं तरी तो आतून अल्कोहोलशी सलगी असलेला रंग आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागताच तो सरळ विरघळून वाहू लागतो. त्याच कंपनीचे स्प्रे कॅन आणि एलपी मालिकेतले रंग मात्र लॅकर आहेत, शिवाय एनॅमलचीही वेगळी मालिका आहे. तेव्हा 'मी अमुक कंपनीचा रंग लावला होता' एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही.

पोटाखाली चाचणी

जुन्या मॉडेलवर कोणता रंग आहे हे लक्षात नसेल, किंवा मॉडेल दुसऱ्याकडून आलं असेल, तर रणगाडा उलटा करा. पोटाच्या सपाट भागावर, कधीच दिसणार नाही अशा जागी, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवा. काडी लगेच रंगली तर अल्कोहोलमध्ये विरघळणारं अॅक्रिलिक आहे, काम सोपं. रंग आधी मऊ पडून मग गोळ्या-गोळ्यांनी निघाला तर पाण्यातलं अॅक्रिलिक. काडी स्वच्छच राहिली तर एनॅमल किंवा लॅकर. काडीचा भिजलेला कापूस त्याच जागी पाच-दहा मिनिटं ठेवून मग घासा. लॅकर सहसा थोडा तरी रंग सोडतो, जुना एनॅमल सोडत नाही.

मॉडेलवर एकाच जातीचे थर असतील असं मात्र गृहीत धरू नका. लॅकर प्रायमर, त्यावर अॅक्रिलिक, मग चकचकीत वार्निश, डिकल म्हणजे चिकटवायची चिन्हं, एनॅमलचा वॉश म्हणजे फटींत उतरणारा अगदी पातळ रंग, आणि शेवटी मॅट वार्निश, अशी उतरंड अगदी नेहमीची आहे. वरचं वार्निश दाद देत नसेल तर खालचा सोपा रंगही अडून बसतो. अशा वेळी चाचणीच्या जागी वरचा थर ओल्या पॉलिश पेपरने थोडा खरवडून खालच्या थराची वेगळी चाचणी घ्यावी.

खालचं प्लास्टिक काय सोसतं

बहुतेक किट पॉलिस्टायरीनचे असतात. पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांमध्येही गाठी नसतात, त्यामुळे योग्य द्रावक मिळालं की ते विरघळतं. किट जोडायचा सिमेंट चालतो तो याच गुणावर. तो दोन्ही कडा थोड्या विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि सिमेंट उडून गेल्यावर सलग प्लास्टिक उरतं. म्हणूनच अॅसिटोन, लॅकर थिनर, टोल्यूइन आणि दुकानात मिळणारे घरांचे-दारांचे रंग काढायचे जोरदार स्ट्रिपर यांचं मॉडेलजवळ काहीच काम नाही. रंग जाईल, पण त्याच्याबरोबर रिव्हेटही जातील.

अल्कोहोलमध्ये पॉलिस्टायरीन विरघळत नाही. अल्कलीचं, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थाचं, तर त्याला काहीच वाटत नाही. या दुसऱ्या गोष्टीमागचं कारण मला या साऱ्या विषयातलं सर्वांत सुंदर रसायन वाटतं. एनॅमलमधल्या अल्किडच्या साखळ्या एस्टर नावाच्या जोडांनी बांधलेल्या असतात. तेलात आणि चरबीतही हेच जोड असतात. अल्कली हे जोड तोडते. तेलापासून साबण बनतो तो याच क्रियेने. म्हणजे जुना एनॅमल कॉस्टिकच्या द्रावणात ठेवला की त्याचा अक्षरशः साबण व्हायला लागतो. पॉलिस्टायरीनमध्ये नुसता कार्बन आणि हायड्रोजन असतो. तिथे एस्टरचा एकही जोड नसल्याने अल्कलीला तोडायला काहीच मिळत नाही. एका प्लास्टिकला तोडणारं आणि दुसऱ्याला न शिवणारं द्रव हवं होतं ना, ते इथे सापडतं.

पॉलिस्टायरीनची एक दुखरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते. टर्पेंटाइन, व्हाइट स्पिरिट, पेट्रोल यांसारखी द्रवं त्याला लगेच विरघळवत नाहीत, पण जिथे प्लास्टिकवर ताण आहे तिथल्या सूक्ष्म भेगांत शिरतात आणि भेग वाढवत नेतात. जोडताना जबरदस्तीने दाबून, रबर बँड बांधून चिकटवलेली पोटाची खोकी, घट्ट बसवलेले चाकांचे दांडे, सस्पेन्शनचे हात, ही सगळी ताण धरून बसलेली असतात. अशा मॉडेलवर ही द्रवं ओतली की काही वेळाने दांडा आपणहून तुटून हातात येतो. अल्कोहोलनेही हे होऊ शकतं, फक्त बरंच कमी. त्यामुळे अल्कोहोलमध्येही मॉडेल गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवू नये.

रेझिनचे सुटे भाग पॉलियुरेथेनचे असतात, त्यांची वागणूक बनवणाऱ्यागणिक बदलते. काही अल्कोहोलमध्ये फुगून मऊ पडतात. थ्रीडी प्रिंट केलेले भागही लांब भिजवलं तर फुगतात आणि वाळताना तडकतात. अशा भागांना भिजवण्यापेक्षा अल्कोहोलची काडी फिरवत थोडं थोडं साफ करणं बरं.

द्रवं, एकेक करून

आयसोप्रोपाइल अल्कोहोल हीच पहिली निवड. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. ७० टक्क्यांच्या जंतुनाशकातलं पाणी त्याचा जोर कमी करतं. अॅक्रिलिकसाठी सहसा अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत पुरतं. दर अर्ध्या तासाने एखादा कोपरा ब्रशने घासून बघायचा आणि सुटायला लागलं की बाहेर काढायचं. याचा धोका एकच, पण मोठा आहे. साधारण १२ अंश सेल्सिअसलाच त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते कायमच पेटू शकतं. झाकण असलेलं भांडं, उघड्या खिडक्या, आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी देणारं काहीही नको.

जुन्या एनॅमलसाठी कॉस्टिक सोडा. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम पुरतो. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, कारण द्रावण बनताना खूप उष्णता निघते आणि ते उसळून अंगावर येऊ शकतं. रबरी हातमोजे आणि बाजूने बंद असलेला चष्मा याशिवाय हे काम करू नका. कातडीवरचा थेंब निसरडा लागतो, कारण तो तुमच्या कातडीतल्या चरबीचाही साबणच करत असतो. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. ज्या घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी मोकळे फिरतात तिथे हे भांडं रात्रभर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

ओव्हन साफ करायच्या काही स्प्रेमध्ये हाच कॉस्टिक असतो. फेस बनून तो उभ्या बाजूंवरही टिकतो, म्हणून सोयीचा पडतो. पण त्यात इतरही द्रावकं असू शकतात, तेव्हा आधी किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या दांडीला जोडलेले येतात, तिच्या उरलेल्या तुकड्यावर मारून रात्रभर ठेवून बघा. दांडी सकाळी मऊ किंवा चिकट लागली तर तो मॉडेलसाठी नाही.

कॉस्टिकचा रणगाडेवाल्यांना खास फटका बसतो तो धातूवर. तोफेची नळी प्लास्टिकऐवजी कातलेल्या अॅल्युमिनियमची बसवलेली असेल, तर कॉस्टिक तिला खातो. बुडबुडे यायला लागतात, ते हायड्रोजनचे, आणि नळीवरची बारीक कलाकुसर पुसली जाते. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव मॉडेलचीही तीच गत. पितळ मात्र कॉस्टिकमध्ये टिकतं.

अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव पाण्यातल्या अॅक्रिलिकवर आणि चकाकीसाठी मारलेल्या फ्लोअर पॉलिशवर चांगलं चालतं. पण पितळाला अमोनिया चालत नाही, आणि तो ब्लीचमध्ये मिसळला की विषारी वायू बनतो. दोन्ही बाटल्या एका वेळी बाहेरच काढू नका.

तपकिरी डेटॉल, म्हणजे पाइन तेल असलेलं मूळचं, धातूच्या सैनिकांचा रंग काढण्यासाठी फार लोकप्रिय आहे. अॅक्रिलिकवर ते खरंच चालतं. पण भिजवून झाल्यावर मॉडेल थेट नळाखाली धरलं की सुटलेल्या रंगाचा डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि प्रत्येक फटीत जाऊन बसतो. आधी शुद्ध डेटॉलमध्येच ब्रश बुडवून सगळा रंग घासून काढायचा, पुसायचा, आणि मगच पाणी लावायचं. प्लास्टिकवर ते फार वेळ ठेवू नये.

ब्रेक फ्लुइडचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने रंग निघतो, ते खरं आहे. पण ते अंगाला वाईट, धुवून नीट जात नाही, फटीत राहिलेला थेंब नव्या रंगालाही उचलतो, आणि टाकून द्यायचं कुठे हा प्रश्न उरतोच. त्यातला डॉट ५ नावाचा प्रकार सिलिकॉनचा असतो, तो रंग काढतच नाही, उलट सिलिकॉनचा असा थर ठेवतो की पुढे कोणताही रंग त्यावर डोळ्यांसारखी गोल भोकं पडून फाटतो. इतके चांगले पर्याय हाताशी असताना मी ब्रेक फ्लुइड कुणाला सुचवणार नाही.

रणगाड्याचे स्वतःचे प्रश्न

विमान किंवा मोटारीपेक्षा रणगाडा वेगळा पडतो तो इथे. त्याच्या अंगावर जोडणाऱ्याने स्वतः घडवलेला पोत खूप असतो. अमेरिकन एम४ए१ शर्मनच्या शरीराचा वरचा भाग आणि सोव्हिएत टी-३४चे बरेच बुरूज ओतीव पोलादाचे होते. तो खडबडीतपणा आणण्यासाठी मॉडेलवर पातळ पुट्टी ठेचून लावतात. ती पुट्टी बहुतेक वेळा लॅकरच्याच जातीची असते. म्हणजे लॅकर उतरवणारं द्रव हा पोतही मऊ करणार आणि ब्रश तो ओढून नेणार.

झिमेरिटचं त्याहून नाजूक. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांवर १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत कारखान्यातच हा रेघोट्यांचा लेप देत. मॉडेलवर तो कुणी दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने केला असेल तर अल्कोहोलला तो छान टिकतो, कारण इपॉक्सीत गाठी असतात. ट्यूबमधल्या पुट्टीने केला असेल तर टिकेलच असं नाही. कडेला एका रेघेवर चाचणी घ्या. रेघ मऊ पडली तर त्या पृष्ठभागाला भिजवू नका, तिथे काडीनेच वरचा रंग पातळ करा आणि थांबा.

पितळी पत्र्याचे कोरीव भाग, म्हणजे जाळ्या, चिखलपत्रे, हत्यारांच्या पट्ट्या, सुपरग्लूने चिकटवलेले असतात. सुपरग्लूचा सांधा सिमेंटच्या सांध्यासारखा प्लास्टिकमध्ये मुरलेला नसतो. तो लांब भिजवण्याने कमजोर होतो, आणि कॉस्टिकमध्ये तर नक्कीच. थोडे भाग सुटतील हे गृहीतच धरा. भांड्याच्या तळाशी बारीक जाळी ठेवा आणि काळं झालेलं द्रव बाजूला काढण्याआधी गाळून घ्या, म्हणजे एखादी कडी त्याबरोबर जाणार नाही. पेरिस्कोपच्या काचा आणि दिवे पांढऱ्या गोंदाने लावलेले असतील तर तेही निघतील. पारदर्शक भाग एरवीही आधी काढून ठेवावेत. ते साध्या, जास्त ठिसूळ पॉलिस्टायरीनचे असतात आणि अल्कोहोलने त्यांत बारीक भेगांचं जाळं पडून ते धुरकट होतात.

चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे ट्रॅकच्या, बाबतीत माझं मत सरळ आहे. मऊ व्हिनाइलचे पट्टे कोणत्याही द्रावकात घालू नका. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य द्रावकात निघून जातं आणि ते कडक होऊन तुटतात. साबणाच्या पाण्याने धुवा, बस. मात्र चाकांवरून ते काढून ठेवाच, कारण हेच द्रव्य वर्षानुवर्षं पाझरत राहून काही वेळा ज्या चाकाला टेकलं ते प्लास्टिक वितळवतं. एकेक कडी जोडून केलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा रंग उतरवण्यातही अर्थ नाही. त्यांच्यावर शेवटी गंज, माती आणि घासलेलं लोखंडच दाखवायचं असतं. जुन्या रंगाचा थोडा जाडपणा तिथे लपून जातो आणि शंभराच्या आसपास सांधे सैल व्हायचा धोका टळतो.

आणि रणगाड्याचं पोट पोकळ असतं. भांड्यात टाकलं की ते तरंगतं आणि वरची बाजू कोरडी राहते, म्हणून त्यावर काचेचं काहीतरी वजन ठेवावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांध्यांतून आत शिरलेलं द्रव बाहेर यायला वाट नसते. ते हळूहळू पाझरत राहतं आणि नव्या रंगावर आतून डाग उठवतं. भिजवण्याआधीच पोटाखाली दोन भोकं पाडा, एक पुढे, एक मागे. तोफेची नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर तिचं तोंडही मोकळं आहे ना ते बघा.

प्रत्यक्ष काम

बुरूज पोटापासून वेगळा करा. चाकं निघत असतील तर काढा. साबणाच्या कोमट पाण्याने धूळ, तेल आणि वरची सुटी पावडर धुवून टाका. भांडं काचेचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. कॉस्टिकसाठी अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, आणि पातळ पारदर्शक डबे बऱ्याचदा पॉलिस्टायरीनचेच असतात.

घासायला मऊ टूथब्रश, चाकांच्या मागे पोचायला दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश, आणि कोपऱ्यांना टोक काढलेली बांबूची काडी. पितळी तारेचा ब्रश नको, चाकूचं पातं नको. अल्कोहोलमध्ये भिजलेलं प्लास्टिक तात्पुरतं थोडं मऊ असतं आणि त्यावर ओरखडा पटकन उठतो. रंग घासताना ब्रश मधूनमधून स्वच्छ द्रवात धुवा, नाहीतर एका ठिकाणचा सुटलेला रंग दुसऱ्या फटीत भरला जातो. पहिल्या फेरीत सगळं निघत नाही. जोर वाढवण्यापेक्षा ताज्या द्रवात पुन्हा थोडा वेळ बुडवा. कोरडा पॉलिश पेपर मात्र जुन्या रंगावर फिरवू नका. जुन्या रंगात शिसं आणि क्रोमियमची द्रव्यं असू शकतात आणि ती धूळ श्वासात जाता कामा नये.

घाई असेल म्हणून द्रव गरम करायचा मोह होतो. अल्कोहोल कधीच गरम करायचं नाही. धुवायचं पाणीही ५० अंशांच्या आतच ठेवा. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांच्या जवळ मऊ होतं, पण पातळ चिखलपत्रे आणि नळ्या त्याच्या बऱ्याच आधी वाकतात.

किती उतरलं की थांबायचं? इथे लोक नको तेवढा हट्ट धरतात. प्लास्टिक नव्यासारखं दिसायलाच हवं असं काही नाही. रंगद्रव्याचा हलका डाग प्लास्टिकमध्ये मुरतो आणि तो राहतोच. लॅकर प्रायमर घट्ट आणि गुळगुळीत बसलेला असेल तर तोही राहू द्या. वेल्डिंगची रेघ दिसायला लागली, रिव्हेटला गोलाई आली, फटीत टाचणीचं टोक शिरायला लागलं की काम झालं.

मग साबणाच्या पाण्याने पुन्हा धुवा. कॉस्टिक वापरला असेल तर भरपूर पाण्याने, निसरडेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं आणि शेवटचं पाणी व्हिनेगरचे चार थेंब टाकून घ्यायचं. भोकांतून आतलं पाणी काढा आणि मॉडेल किमान एक पूर्ण दिवस, जमल्यास दोन, हवेशीर जागी राहू द्या. प्लास्टिकमध्ये मुरलेलं अल्कोहोल निघून जायला वेळ लागतो. ते आत असताना प्रायमर मारला तर वर फोड येतात. या वाळवण्याच्या काळात सैल झालेले सांधे सिमेंटने पक्के करा, निघालेले पितळी भाग लावा, बसकी पुट्टी नीट करा. प्रायमर पातळ आणि राखाडी रंगाचा मारा. राखाडीवर उरलेल्या जुन्या रंगाच्या कडा आणि ओरखडे लगेच दिसतात, आणि तेवढीच जागा ओल्या पॉलिश पेपरने सारखी करता येते.

वापरलेलं अल्कोहोल फेकू नका. झाकण लावून दोन-तीन दिवस स्थिर ठेवलं की रंगाचा गाळ तळाशी बसतो. वरचं द्रव गाळून बाटलीत भरा, बाटलीवर ठळक नाव लिहा, आणि पुढच्या मॉडेलच्या पहिल्या फेरीला तेच वापरा. उरलेला गाळ उघड्या भांड्यात, घराबाहेर, आगीपासून आणि मुलांपासून दूर वाळवा आणि कोरडा झाल्यावर घातक कचऱ्यात द्या. सिंकमध्ये मात्र यातलं काहीही ओतू नका.